झेरॉक्सवाला, एसटीडीवाला आणि बावीस वर्षं

मोबाइलवर काढलेल्या आमच्या छोट्या सिनेमाच्या शूटिंगच्या पहिल्या रात्री फ्रेम लावली आणि आमचा झेरॉक्सवाला काउंटरमागे येऊन उभा राहिला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, कानामागे बॉलपेन, पोट काउंटरच्या कडेला टेकलेलं. उजव्या अंगठ्याची कड टोनरनं काळी. मेकअप करणारा पोरगा ओला कापूस घेऊन पुढं झाला, तेव्हा मी त्याला थांबवलं. तो अंगठा काळा व्हायला वीस वर्षं लागली होती आणि मला नेमका तोच हवा होता.

सुरुवात २००२ ची. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मी एक विनोदी एकांकिका लिहिली. पात्रं दोनच आणि त्यांना नावंसुद्धा नव्हती. एक झेरॉक्सवाला, दुसरा एसटीडीवाला, म्हणजे परगावच्या फोनच्या बूथवरचा. एका अरुंद दुकानात एकानं मशीन सांभाळायचं, दुसऱ्यानं काचेच्या केबिनबाहेर मीटरची चिठ्ठी फाडायची. रात्री दर उतरले की फोनला रांग लागायची, आणि रांगेतल्या प्रत्येकाची ही दोघं टर उडवायची. गिऱ्हाईक मूर्ख, मालक कंजूष, आणि हे दोघं शहाणे. एवढंच होतं ते, पण पोरांनी शिट्ट्या मारून हॉल डोक्यावर घेतला.

पुढं आयुष्यानं जे केलं ते मला लिहून सुचलं नसतं. झेरॉक्सवाल्याचं काम करणाऱ्या माझ्या मित्राचे वडील वर्षभरात गेले आणि तो 'दोन-चार महिन्यांसाठी' म्हणून इथं बेळगावातल्याच एका खऱ्याखुऱ्या झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागला. आजही तिथंच आहे. एसटीडीवाला चोर्ल्याचा घाट उतरून गोव्याला गेला, हॉटेलच्या रिसेप्शनवर नऊ वर्षं काढली, परत आला आणि आता कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं लावतो. मी उद्यमबागेत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये आहे. बेअरिंग, नट-बोल्ट, कटिंग ऑइलचे डबे, आवक-जावक रजिस्टर. तिघांनाही बढती नावाची गोष्ट भेटलेली नाही. वय चव्वेचाळीस.

दोन वर्षांपूर्वी भाच्यानं लॅपटॉपवर 'क्लर्क्स' नावाचा अमेरिकन सिनेमा दाखवला, आणि दुसऱ्या रविवारी त्याचा दुसरा भाग. पहिला १९९४ चा. केव्हिन स्मिथ हा पोरगा न्यू जर्सीतल्या लिओनार्डो गावात ज्या किराणा-सिगारेटच्या दुकानात कामाला होता, तिथंच त्यानं तो काढला. दिवसा गल्ल्यावर उभं राहायचं, रात्री दुकान बंद झालं की शूटिंग. क्रेडिट कार्डं वापरून, जमवलेली कॉमिक्स विकून उभे केलेले सत्तावीस हजार डॉलर आणि वर थोडे. सगळा कृष्णधवल. रात्र असल्यामुळं दुकानाचं शटर वर करता येत नव्हतं, तर त्यानं कथेतच टाकलं की कुलपात कुणीतरी च्युइंगम कोंबलाय, म्हणून शटर उघडत नाही. हे ऐकल्यावर मी भाच्याला तिथंच थांबवून ते दृश्य परत लावायला सांगितलं. अडचणीलाच कथेत कामाला लावणारा माणूस मला लगेच आपला वाटला.

पण माझ्या मनात घर केलं ते २००६ च्या दुसऱ्या भागानं. बारा वर्षांनी काउंटरवरची तीच दोन पात्रं, डान्टे आणि रँडल, आणि तेच दोन नट. डान्टे सकाळी शटर वर करतो तर आत आग लागलेली, आणि तोवर कृष्णधवल असलेल्या पडद्यावर त्या ज्वाळांबरोबर रंग येतो. दुकान जळालं म्हणून तिशी ओलांडलेले हे दोघं मूबीज नावाच्या बर्गरच्या हॉटेलात टोप्या घालून कामाला लागतात. डान्टेचा तिथला शेवटचा दिवस. त्याचं लग्न ठरलंय, तो फ्लोरिडाला निघालाय. त्यातली भाषा अत्यंत शिवराळ आहे, घरात सगळ्यांसमोर लावण्यासारखी नाहीच, काही प्रसंग मी पळवले. तरी शेवटाकडं रँडल जे बोलतो तिथं माझा घसा दाटला. आयुष्यभर सगळ्याची थट्टा करणारा तो माणूस, मित्र चालला म्हटल्यावर मोडून पडतो. आणि मग दोघं कर्जाऊ पैशानं तेच जळालेलं जुनं दुकान विकत घेतात, पुन्हा उघडतात. शेवटी पडदा परत कृष्णधवल.

त्या रात्री साडेबाराला मी झेरॉक्सवाल्याला फोन लावला. म्हटलं, आपली दोघं अजून जिवंत हाईत. तो म्हणाला, "कोण दोघं?" मी सांगितलं. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "एसटीडीचं केबिन कुठनं आणणार?"

केबिन आणायचंच नव्हतं. ते नसणं हीच आमच्या दुसऱ्या भागाची, म्हणजे ह्या सिनेमाची गोष्ट होती.

लिहायला सहा महिने गेले. कामावरून आल्यावर जेवून नऊ ते अकरा. पहिला खर्डा जमला नाही, आणि का जमला नाही हे मला दुसऱ्यांनी सांगावं लागलं. मी लिहिलं होतं असं: एसटीडीवाला गोव्याहून परत येतो, मित्राच्या दुकानात महिनाभर बसतो, आणि शेवटी "इथं काय ठेवलंय?" म्हणून पुण्याच्या गाडीत चढतो. झेरॉक्सवाला शटर ओढतो. संपलं. मला तो शेवट फार भारी वाटत होता.

वडगावात झेरॉक्सवाल्याच्या घरी रविवारी वाचन ठेवलं. वहिनींनी पोहे दिले, लेक आतल्या खोलीत अभ्यास करत होती. शेवटचं पान वाचून झालं. एसटीडीवाला "मस्त" म्हणाला. झेरॉक्सवाल्यानं कागद उलटे ठेवले.

"हे वाक्य मी ऐकून घेणार न्हाई," तो म्हणाला.

मी म्हटलं, ते पात्र म्हणतंय, तुला कोण म्हणतंय?

"मग काउंटर माझा कशाला घेतलास? त्या काउंटरवर पोरीची फी भरलोय मी. अर्ध्या गल्लीची रेशन कार्डं माझ्या हातनं झाल्यात. आणि तू म्हणतोस काय ठेवलंय."

आवाज चढवला नव्हता त्यानं. लेकीनं पुस्तक मिटलेलं मला दिसलं. मी कागद पिशवीत घातले आणि गाडीला किक मारली.

पाच आठवडे आमचं बोलणं नव्हतं. त्या पाच आठवड्यांत मी तो दुसरा भाग आणखी दोनदा पाहिला आणि मला उशिरानं समजलं की मी त्यातनं उलटंच घेतलं होतं. मला ती दोघं अडकलेली दिसत होती. पण सिनेमा संपतो तेव्हा ती दोघं त्याच काउंटरमागे असतात आणि ते त्यांनी स्वतः मागून घेतलेलं असतं. जागा तीच, फक्त आता तिथं कुणी ढकललेलं नाही. आणि मी मात्र माझ्या मित्राच्या वीस वर्षांवर एका वाक्यात पाणी सोडत होतो. २००२ मध्ये गिऱ्हाइकाला हसलो ते वयाला शोभून गेलं असेल. चव्वेचाळिसाव्या वर्षी तोच विनोद करायचा तर तो करणाऱ्यानं मधल्या काळात काय पाहिलं, असा प्रश्न येतो.

म्हणून मी दुकानात जाऊन बसायला लागलो. शनिवारी दुपारनंतर, काउंटरच्या आतल्या स्टुलावर, वही घेऊन. विनोद तिथं पडलेलेच होते, मला फक्त टिपायचे होते. एक आजोबा आधार कार्डाच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढायला आले. चेहऱ्याच्या जागी नुसता काळा डाग. "आजोबा, ओरिजिनल कुठं हाय?" तर ते म्हणाले, "हीच की ओरिजिनल. ह्याच्या आधीची हरवली." हे वाक्य जसंच्या तसं सिनेमात आहे आणि सगळ्यात मोठा हशा तिथंच पिकतो. पण आता हशा आजोबांवर नाही. झेरॉक्सवाला तो काळा डाग मशीनच्या काचेवर ठेवतो, गडदपणा कमी करतो, पुन्हा काढतो, आणखी कमी करतो; पाचव्या कागदावर कुठंतरी नाकाचा आकार उमटतो आणि तो म्हणतो, "हे बघा, आलासा." त्याचे पैसे तो एकाच कागदाचे घेतो. हे खऱ्यात मी पाहिलं.

गृहलक्ष्मीच्या अर्जांचंही तसंच. २०२३ मध्ये कर्नाटक सरकारनं घरच्या कर्त्या बाईला महिना २००० रुपये देण्याची योजना काढली आणि दुकानापुढं रांगा लागल्या. रेशन कार्ड, आधार, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या प्रती. आमच्याकडच्या कितीतरी मराठी बायका मराठी शाळेत शिकलेल्या. कन्नड बोलतात फर्डं, पण सरकारी कागदावरचं कन्नड अंगावर येतं. झेरॉक्सवाला शाळेत कन्नडच्या तासाला मागच्या बाकावर असायचा. अक्षर लागलं ते काउंटरवर. आता तो एका बाईशी मराठीत, तिच्या मागच्याशी कन्नडमध्ये, तिच्या पोराशी हिंदीत बोलतो, आणि हात कागदावर कन्नड गिरवत असतो. नजर वर न करता. हे दृश्य आम्ही कट न करता चार मिनिटं ठेवलंय. लांबतंय म्हणून बऱ्याच जणांनी सांगितलं. मी एक सेकंदसुद्धा काढलेला नाही.

संवादांची भाषा हा दुसरा मोठा बदल. २००२ ची एकांकिका आम्ही पुणेरी प्रमाण मराठीत केली होती, कारण परीक्षक बाहेरचे असायचे. आमची पात्रं "कुठे चालला आहेस रे?" असं बोलायची. बेळगावात असं कोण बोलतं? ह्या वेळी ठरवलं, "कुठं जाऊलालास बे?" असंच राहील. 'की' राहील, कन्नडमधनं आलेलं 'सुम्म' (गप्प) राहील, गिऱ्हाइकाचं 'एष्टु?' (किती?) आणि त्यावरचं 'ऐदु रूपायी' (पाच रुपये) राहील. आश्चर्य म्हणजे नटांना हेच जड गेलं. कॅमेरा सुरू झाला की दोघांच्या तोंडात आपोआप रंगमंचावरची मराठी यायची. मग मी एक उपाय केला. टेकच्या आधी पाच मिनिटं दोघांना खरंच भांडायला लावायचं, गोव्याला गेल्यावर कुणी कुणाला फोन केला नाही ह्यावरनं. ते भांडण रंगात आलं की खुणेनं कॅमेरा सुरू.

नवा शेवट तिघांनी मिळून लिहिला. आपल्याकडं दुकान विकत घ्यायला कर्ज देणारं कुणी येत नाही, म्हणून तो मार्ग नव्हता. आमच्या कथेत मालकाच्या मुलाला तिथं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान टाकायचंय. ही दोघं मशीन हातगाडीवर घालतात, वर पावसाळी रेनकोट पांघरतात, आणि भर पावसात चार दुकानं पलीकडच्या जिन्याखालच्या जागेत नेतात. गाडी निघते आणि मागनं झेरॉक्सची अख्खी रांग तशीच, क्रम न मोडता, छत्र्या घेऊन चालायला लागते. एक बाई ओरडते, "माझा नंबर तिसरा हाय, लक्षात ठेवा!" हे सुचलं एसटीडीवाल्याला. तो म्हणाला, जागेचं काय एवढं, रांग आपल्यामागं येती की नाही ते बघूया.

शूटिंग २०२४ च्या पावसाळ्यात, नऊ रात्री. दुकानाच्या मालकांनी रात्री साडेनऊ ते पहाटे चार एवढा वेळ दिला, भाडं घेतलं नाही. कथा दिवसाची आणि आम्ही रात्री, म्हणजे तीच लिओनार्डोची अडचण. च्युइंगमची गरज पडली नाही, बेळगावचा पाऊस होता. जून ते सप्टेंबर इथं प्रत्येक दुकानापुढं निळी ताडपत्री लोंबत असते, वाऱ्याच्या झडीचं पाणी आत येऊ नये म्हणून. ती खाली सोडली आणि मागं मंडपवाल्याकडनं आणलेला हॅलोजन लावला. ताडपत्रीतनं जो मळकट निळसर उजेड आत आला तो हुबेहूब आषाढातल्या दुपारचा. बघणाऱ्या एकालाही शंका आलेली नाही.

ज्यांना मोबाइलवर असं काही करायचंय त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगतो, कारण आम्हाला त्या रात्री जाळून शिकाव्या लागल्या. दुकानातल्या जुन्या ट्यूबलाइटखाली फ्रेममध्ये काळे पट्टे सरकत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं ट्यूबचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. शटरचा वेग एक पन्नासांश किंवा एक शतांश सेकंदावर पक्का केला आणि फ्रेम सेकंदाला २५ ठेवल्या की पट्टे जातात. मोबाइलमधला नेहमीचा कॅमेरा हे आपल्या हातात देत नाही, त्यासाठी वेगळं ॲप लागतं. दुसरी गोष्ट आवाजाची. दुकानाच्या पुढच्या भागाला पत्रा आहे, आणि पाऊस पडला की ढोल बडवल्यासारखं व्हायचं. एसटीडीवाल्यानं कुरिअरच्या गोदामातनं रिकामी पोती आणली, दोघांनी पत्र्यावर चढून दुहेरी अंथरली. पोती भिजून जड झाली आणि आवाज दबला. कॉलरला लावायचे माइक त्यानंतरच कामाचे ठरले. तिसऱ्या रात्रीचा सगळा आवाज मात्र गेला. रेकॉर्डरचं बटण दोनदा दाबायचं असतं, मी एकदाच दाबलं होतं. ती रात्र पुन्हा केली. कुणी मला एक शब्द बोललं नाही, आणि दोघंही सकाळी आठला आपापल्या कामावर हजर होते.

पाटीचा एक तिढा निघाला. कथेत मधेच २००२ चा एक तुकडा आहे. तेव्हाच्या पाटीवर मोठ्या मराठी अक्षरांत 'झेरॉक्स, एसटीडी, आयएसडी, पीसीओ' असायचं. आता पाट्यांवर साठ टक्के कन्नड हवं, २०२४ च्या दुरुस्तीनं कायदाच झालाय. जुनी पाटी मालकांच्या माळ्यावर सापडली, पत्र्याची, पिवळ्यावर लाल. ती परत बाहेर टांगायला आम्हाला बरं वाटेना. इथं पाटीवरनं काय काय होऊ शकतं हे बेळगावकराला सांगायला नको, आणि विनोदी सिनेमासाठी कुणाला दुखवायची आमची इच्छा नव्हती. मग ती पाटी आत ठेवली, काउंटरच्या खाली, आडवी. झेरॉक्सवाला तिच्यावर पाय ठेवून बसतो. पाय हलला की 'एसटीडी' एवढंच दिसतं. मला वाटतं, टांगली असती तर हे मिळालं नसतं.

सातव्या रात्री अर्ध्या शटरखालून एक बाई वाकून आत आल्या. हातात प्लास्टिकची पिशवी. शूटिंग चाललंय हे त्यांना कळलं नाही. सकाळी पोराच्या दवाखान्यासाठी कागद हवे होते. झेरॉक्सवाल्यानं "कट" माझ्याआधी म्हटलं, मशीन चालू केलं, ते गरम होईपर्यंत त्यांना स्टूल दिलं. आम्ही सगळे भिंतीला लागून उभे. कागद देताना त्यानं ते जुळवून, कडा काउंटरवर दोनदा ठोकून, वरच्या कोपऱ्यात टाचणी मारून दिले. कॅमेरा बंद होता आणि बंदच ठेवला. पण त्यानंतर प्रत्येक टेकमध्ये मी त्याला कागद देताना तसेच ठोकायला सांगितले. टक टक. सिनेमाभर तो आवाज येत राहतो.

संकलन भाच्यानं केलं, तीन महिने. एकतीस मिनिटांचा झाला. खर्च अठ्ठेचाळीस हजार, त्यात निम्मा माइक आणि जेवणाचा. पहिल्यांदा दाखवला तो शहापुरात एका मित्राच्या गच्चीवर, पांढऱ्या चादरीवर, साठ-सत्तर माणसांना. त्यात दुकानाची गिऱ्हाइकंच जास्त. हातगाडीमागनं रांग निघाली तेव्हा काही जण हसता हसता उठून उभे राहिले. झेरॉक्सवाल्याची लेक पुढच्या रांगेत होती. तिनं मागं वळून बापाकडं बघितलं, आणि तो दुसरीकडंच बघत होता.

आता कन्नड सबटायटल्स चालू आहेत. दुकानाचे निम्मे लोक कन्नड, त्यांना दाखवायचाच आहे. भाषांतरकार शोधूया म्हटलं तर झेरॉक्सवाला म्हणाला, "मी लिवतो." रोज रात्री शटर अर्धं ओढून तो काउंटरवर बसतो, मी लॅपटॉप धरतो, एसटीडीवाला पार्सलांची डिलिव्हरी आटपून चहा घेऊन येतो. काल आम्ही त्या भांडणाच्या प्रसंगाशी आलो. "सुम्म बस" हे वाक्य. तो पेन थांबवून थोडा वेळ बघत राहिला.

"हे काय लिवायचं? त्यांचंच हाय की हे," म्हणाला आणि 'सुम्म' तसंच ठेवून पुढं 'बस'साठी फक्त 'कूडु' लिहिलं. मग कागद उचलला, काउंटरवर दोनदा ठोकला, आणि म्हणाला, "पुढचं लाव."